जुना सोनेरी इंग्लिश आरसा: पारखण्यापासून भिंतीवर टांगण्यापर्यंत

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये बनलेला, सोन्याचा वर्ख चढवलेला भिंतीवरचा आरसा हे तीन कारागिरांचे काम असते: चौकट कोरणारा, तिच्यावर सोने चढवणारा आणि काच बनवणारा. दोन-अडीचशे वर्षांत या तिघांच्या कामाचे नशीब वेगवेगळे निघते. चौकट मूळची, सोने शंभर वर्षांनंतरचे आणि काच अलीकडे बदललेली, असे आरसे बाजारात सर्रास भेटतात. त्यामुळे ‘हा आरसा जुना आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. लाकूड किती जुने, सोने किती जुने, काच किती जुनी, असे तीन प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्रपणे शोधायचे.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना असे आरसे गावोगावच्या लिलावांत दिसतात. इकडे मुंबईत चोर बाजाराच्या मटन स्ट्रीटवर आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या सामानात ते अधूनमधून निघतात. आपल्याकडे एक सवय जडली आहे: जुनी, जाड चौकटीची काच दिसली की विक्रेता तिला ‘बेल्जियमची’ म्हणून मोकळा होतो. त्यावरून ना देश कळतो, ना काळ. वस्तू हातात घेऊन, उजेडात धरून, उलटी करूनच काय ते कळते.

आधी डोळ्याला सवय लावा

इथे ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ते आरसे अभिजात शैलीतले. ही शैली म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोमच्या इमारतींवरून घेतलेली शैली. इंग्लंडमध्ये ती तीन लाटांनी आली, आणि प्रत्येक लाटेतला आरसा वेगळा दिसतो.

पहिली लाट साधारण 1720 ते 1750 ची. विल्यम केंट (1685–1748) हे तिच्यातले मोठे नाव. हे आरसे छोट्या देवळाच्या दर्शनी भागासारखे बांधलेले असतात: वर तुटक्या शिखराची त्रिकोणी कमान, बाजूंना भक्कम कोपरे, कडेने अंडी आणि बाण यांची एकाआड एक पट्टी. दिसायला भारदस्त, वजनालाही तसेच.

दुसरी लाट मला सगळ्यांत आवडते. रॉबर्ट अ‍ॅडम हा स्कॉटिश वास्तुकार (1728–1792) इटलीत राहून, आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट इथला रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा मोजून 1758 मध्ये लंडनला परतला. तोवर हर्क्युलेनियम (1738) आणि पॉम्पेई (1748) या गाडल्या गेलेल्या रोमन शहरांचे उत्खनन सुरू होऊन काही वर्षे झाली होती आणि रोमन घरांच्या भिंतींवरची नाजूक नक्षी युरोपभर चर्चेत होती. अ‍ॅडमने ती नक्षी छतावर, भिंतीवर, खोली उबवणाऱ्या चुलीवर आणि आरशावर उतरवली. 1765 ते 1790 च्या दरम्यानचा या धाटणीचा आरसा बहुधा लंबगोल किंवा उभा आयताकृती, चौकट बारीक. माथ्यावर कलश, त्याच्या दोन्ही अंगांनी घंटेच्या आकाराच्या कळ्यांच्या माळा लोंबणाऱ्या, मध्ये पंख्यासारखी उघडलेली हनिसकल या वेलीच्या फुलाची पाकळी, कुठे मेंढ्याचे शिर, कुठे गोल फुलाची चकती. फर्निचर बनवणाऱ्या टॉमस चिपेंडेलच्या कारखान्यानेही याच शैलीत काम केले. यॉर्कशरमधल्या हेअरवुड हाउसमध्ये त्याचे आरसे आजही आहेत.

तिसरी लाट रीजन्सीची, म्हणजे राजाऐवजी राजपुत्राने कारभार पाहिला त्या काळाची. राजपुत्राची प्रत्यक्ष रीजन्सी 1811 ते 1820 एवढीच होती, पण शैली 1800 पासून 1830 पर्यंत चालली. यात दोन प्रकार ओळखीचे: एक म्हणजे फुगीर काचेचा गोल आरसा, ज्याच्या वर पंख पसरलेला गरुड, कडेने सोनेरी गोळ्यांची रांग आणि काचेलगत काळी, रेघांची पट्टी असते. दुसरा चुलीच्या वर आडवा टांगायचा, तीन काचांचा, बाजूंना खांब असलेला.

पुस्तकातल्या चित्रांपेक्षा प्रत्यक्ष पाहणे हजार पटींनी बरे. लंडनला राहणाऱ्यांनी किंवा तिथे जाणाऱ्यांनी हाउन्स्लोजवळचे ऑस्टर्ली हाउस आणि हॅम्पस्टेडचे केनवुड हाउस पाहावे. दोन्ही घरांत अ‍ॅडमचे काम जागेवर आहे, आणि केनवुडला प्रवेश विनामूल्य आहे. केनवुडच्या ग्रंथालयात त्याने खिडक्यांच्या समोरच्या कोनाड्यांत आरसे बसवले. बाहेरचा उजेड आणि हिरवळ खोलीत आणण्यासाठी आरसा कसा वापरायचा, हे तिथे उभे राहिले की उमगते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तिन्ही लाटांचे नमुने एका छताखाली मिळतात.

चौथीही लाट आहे, ती खरेदीदाराने विसरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत अ‍ॅडमची शैली पुन्हा फॅशनमध्ये आली आणि तसे आरसे भरपूर बनले. त्यांतले काही उत्तम आहेत आणि आता तेही शंभरी ओलांडून गेले आहेत. विकत घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त किंमत त्यांची द्यावी, 1780 ची नव्हे.

सोने तपासणे

तपासणीसाठी सोबत मोबाइलचा टॉर्च, दहा पटींचे भिंग, पांढरा कागद आणि स्वच्छ कोरडे हात एवढेच लागते. टॉर्च समोरून मारू नका. चौकटीला जवळजवळ समांतर, बाजूने तिरका धरा, म्हणजे पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा, भेग आणि डाग सावली टाकतो.

चांगल्या इंग्लिश चौकटींवर सोने दोन पद्धतींनी चढे. पाण्याच्या पद्धतीत आधी लाकडावर खडूची भुकटी आणि प्राण्यांच्या कातड्याचा सरस यांचे मिश्रण थरावर थर लावत. यालाच गेसो म्हणतात. आठ-दहा थर वाळवून घासून गुळगुळीत केले की त्यावर तांबड्या, पिवळ्या किंवा निळसर करड्या मातीचा मऊ थर. मग तो भाग पाण्याने ओला करून वर्ख अलगद ठेवायचा आणि वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासून चमकवायचा. वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. तेलाच्या पद्धतीत चिकट तेलावर वर्ख बसवतात. तो टिकाऊ असतो, पण दगडाने घासून चमकवता येत नाही, म्हणून मंद दिसतो. बऱ्याच चौकटींत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी वापरल्या आहेत: उंच भाग लखलखीत, खोलगट भाग मंद. हा फरक जिथे शिल्लक आहे तिथे मूळ सोने असण्याची शक्यता वाढते, कारण स्वस्तात पुन्हा सोने चढवणारा सगळ्या चौकटीवर एकच चमक फासतो.

आता भिंगातून काय पाहायचे ते. सपाट पट्टीवर नजर फिरवली की साधारण तीन-तीन इंचांवर बारीक, उभ्या, किंचित गडद रेषा दिसतील. तिथे वर्खाचा एक चौकोन दुसऱ्यावर चढलेला असतो. हातांनी, फडक्यांनी, झटकणीने जिथे शतकानुशतके स्पर्श झाला, म्हणजे पानांची टोके, कलशाचे पोट, खालची कड, तिथे सोने झिजून खालची तांबडी माती डोकावते. ही झीज नैसर्गिक जागीच हवी. पानाच्या खोल बेचक्यात तांबडे दिसते आणि टोक मात्र झगझगीत, असे असेल तर कुणीतरी सॅंडपेपरने ‘जुनेपणा’ आणला आहे. धुळीचेही तसेच. खरी धूळ वरच्या बाजूंवर, आडव्या कडांवर बसते. सगळीकडे सारखा तपकिरी मळ फासलेला असेल तर तो रंग आहे.

सोन्याऐवजी पितळेची पूड मिसळलेला सोनेरी रंग लावलेला आरसा तर दुरूनच ओळखावा. सोने काळवंडत नाही. पितळ पूड काही वर्षांत तपकिरी, कधी हिरवट होते आणि भिंगाखाली तिचे सुटे कण चमकतात. फार वेळा अशा रंगाखाली मूळ सोने दडलेले असते. विक्रेत्याला ते ठाऊक नसेल आणि किंमत कमी लावली असेल, तर ती संधी आहे. पण तो रंग स्वतः खरवडायला बसू नका.

ओले बोट, थुंकी, कापसाचा बोळा यांनी सोने ‘तपासून’ पाहणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असे करू नका. पाण्याच्या पद्धतीचे सोने पाण्यानेच बसलेले असते आणि पाण्यानेच सुटते.

कोरीव की साच्यातले

अ‍ॅडमच्या काळात नक्षी दोन मार्गांनी होई. पाइन किंवा लिंडनच्या लाकडात हाताने कोरणे हा एक. दुसरा, खडूची भुकटी, सरस, जवसाचे तेल आणि राळ यांची गरम कणीक बॉक्सवुडच्या साच्यात दाबून नक्षीचे तुकडे काढणे आणि ते लाकडावर चिकटवणे. याला इंग्लिश कारागीर ‘कॉम्पो’ म्हणत. लोंबत्या माळांच्या आत बारीक तार घालत, म्हणून त्या हवेत तरंगल्यासारख्या दिसतात.

कॉम्पो म्हणजे नक्कल, असा समज चुकीचा आहे. अ‍ॅडमच्या आरशांवर ती असणे अगदी काळाला धरून आहे. ओळखायची खूण भेगांत आहे. लाकडाची भेग रेषांच्या दिशेने लांब जाते. कॉम्पो वाळून आखडते, म्हणून तिला थोड्या थोड्या अंतरावर आडव्या भेगा पडतात. शिवाय डावी-उजवी पाने तंतोतंत एकसारखी असतील तर साचा, किंचित वेगळी असतील तर हात. तुटलेल्या माळेतून गंजलेली तार दिसली तर घाबरू नका. ती दुरुस्त होते. मात्र चौकट बोटाने वाजवल्यावर प्लॅस्टिकसारखी पोकळ वाजली आणि मागून नक्षीसकट एकाच तुकड्यात ओतलेली दिसली, तर तो विसाव्या शतकाचा माल आहे.

काच

या आरशांत त्या काळी सर्वांत महाग वस्तू काच असे. चौकटीपेक्षा काचेचे बिल मोठे येणे ही नित्याची गोष्ट होती, आणि आकार वाढला की किंमत झपाट्याने चढे. इंग्लंडमध्ये फुंकून काच बनत होती. फुंकून फार मोठा तुकडा निघत नाही, म्हणून जुने उंच आरसे दोन काचा एकावर एक ठेवून जुळवलेले दिसतात. मोठ्या काचा फ्रान्समधून येत. 1773 मध्ये ओतीव काचेसाठी इंग्लिश कंपनी स्थापन झाली आणि लँकाशरमधल्या रेव्हनहेड इथे तिचा कारखाना उभा राहिला. त्यातच काचेवर वजनाप्रमाणे अबकारी कर होता, तो 1845 ला उठला. या सगळ्यामुळे जुनी काच वाया घालवणे कुणालाच परवडत नसे. ती कापून, पुन्हा घासून दुसऱ्या चौकटीत बसे. जुनी काच दिसली म्हणून चौकटही जुनीच, असे धरून चालू नका.

काचेच्या मागचा चमकता थर हा मोठा पुरावा. जुन्या पद्धतीत दगडी पाट्यावर कथिलाचा पातळ पत्रा पसरत, त्यावर पारा ओतत आणि काच कडेकडेने सरकवत बसवत. वर वजने ठेवून, पाटा तिरका करून जादा पारा निथळायला कित्येक दिवस, मोठ्या काचेला कित्येक आठवडे लागत. 1835 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने काचेवर चांदीचा थर बसवणारी रासायनिक क्रिया दाखवली. त्यानंतर काही दशकांनी चांदीचे आरसे रूढ झाले. तरी पाऱ्याचे आरसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले.

दोन्हींतला फरक असा ओळखायचा. पांढरा कागद काचेसमोर धरा. पारा-कथिलाच्या आरशात तो किंचित निळसर करडा, थोडा काळोखी दिसतो. चांदीच्या आरशात उजळ, कधी पिवळसर. पाऱ्याचा थर बिघडतो तेव्हा आतून बारीक स्फटिकांसारखी, हिमकणांसारखी करडी चमक पसरते आणि खालच्या कडेपासून ढगाळपणा वर चढतो. चांदी बिघडली की कडांनी काळे-तपकिरी डाग येतात. मागची फळी उघडी असेल तर आणखी सोपे: पाऱ्याच्या थराची पाठ उघडी, रुपेरी-करडी असते, तर चांदीच्या थरावर तांबडा, तपकिरी किंवा करडा रंग लावलेला असतो.

मग पेन्सिलीचे टोक काचेला हलकेच टेकवा आणि टोक व त्याचे प्रतिबिंब यांच्यातले अंतर पाहा. फुंकलेली जुनी काच बहुधा पातळ, म्हणून अंतर कमी. ओतीव काच जाडही असते, त्यामुळे या चाचणीवर एकटीवर निकाल देऊ नका. आरशासमोर डोके हळूच डावी-उजवीकडे हलवा: जुन्या काचेत प्रतिबिंब कुठेतरी पाण्यासारखे हलते. कडेला उतार असेल तर बोट फिरवा. जुना उतार इतका मंद की बोटाला जेमतेम कळतो. यंत्राचा उतार सरळ रेषेत, एकसारख्या रुंदीचा, टोकदार असतो.

माझे मत विचाराल तर धुकट, ठिपके पडलेली मूळ काच मी नव्या लख्ख काचेपेक्षा दहादा निवडेन. तोंड पाहायला बाथरूममध्ये आरसा असतोच. दिवेलागणीला जुन्या काचेत खोली जशी खोल आणि मऊ दिसते, तशी नव्या काचेत दिसत नाही.

पाठ

विक्रेत्याला आरसा भिंतीवरून उतरवायला सांगायला संकोचू नका. जो पाठ दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

जुनी पाठ म्हणजे पाइनच्या पातळ फळ्या. हवेने तपकिरी-करड्या झालेल्या, थोड्या आखडून एकमेकींपासून सुटलेल्या. करवतीच्या खुणा पाहा: हातकरवतीच्या खुणा सरळ आणि कमीजास्त अंतराच्या, गोल यांत्रिक करवतीच्या खुणा कमानदार. कमानी दिसल्या तर फळी एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. साधारण 1850 च्या आधीचे स्क्रू बोथट टोकाचे असतात, त्यांची खाच बरेचदा मध्यातून सरकलेली असते. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकाआधी असूच शकत नाही. प्लायवूड, एमडीएफ आणि स्टेपल पिना दिसल्या तर पाठ बदललेली आहे.

पाठ बदलली म्हणजे आरसा खोटा, असे मात्र नाही. भुंग्याने पोखरलेली फळी कुणीतरी बदलली असेल. अशा वेळी चौकटीच्या मागच्या कडा पाहायच्या, त्या सहसा कुणी बदलत नाही. तिथे वाकसाने किंवा छिन्नीने तासल्याच्या खुणा, गेसोचे सुकलेले ओघळ, जुन्या हुकांची भोके दिसतात. कधी कारागिराची कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. चिठ्ठी मिळाली तर उत्तम, पण तीही एका आरशावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. तिच्याभोवतीच्या लाकडाचा रंग तिच्याखालच्यापेक्षा गडद असेल तर ती तिथे बराच काळ आहे.

लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील तर चौकटीखाली काळा कागद अंथरून तो काही दिवसांनी पाहा. त्यावर ताजा, पिवळसर भुसा पडला तर किडा जिवंत आहे.

बोली लावण्याआधी

लिलावाच्या कॅटलॉगमधला प्रत्येक शब्द मोजून घातलेला असतो. ‘जॉर्ज तिसरा, सुमारे 1780’ म्हणजे त्यांच्या मते तो त्या राजाच्या काळचा. ‘जॉर्ज तिसऱ्याच्या शैलीतला’ म्हणजे नंतरचा. ‘नंतरची काच’, ‘पुन्हा सोने चढवलेला’, ‘जुन्या भागांसह’ हे शब्द वाचून पुढे जाऊ नका. शेवटच्या शब्दाचा अर्थ अनेकदा असा की थोडेच जुने आहे. स्थितीचा लेखी अहवाल मागा, तो बहुधा विनामूल्य मिळतो. पाठीचा, चारही कोपऱ्यांचा, माथ्यावरच्या कलशाचा आणि काचेच्या कडेचा तिरक्या उजेडातला फोटो मागा. माथ्यावरचे दागिने सर्वांत आधी तुटतात आणि नंतर बदलले जातात, म्हणून ते मूळचे आहेत का हे वेगळे विचारा.

हातोडा पडला त्या किमतीवर लिलावगृहाचे कमिशन साधारण 20 ते 30 टक्के आणि त्यावर कर चढतो. हे आधीच जमेस धरून आपली कमाल बोली कागदावर लिहा. दुकानातून घेत असाल तर ब्रिटनमध्ये बाडा किंवा लापाडा या व्यापारी संघटनांचा सभासद निवडावा आणि पावतीवर काळ, मूळ भाग आणि दुरुस्त्या लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासनाला पुढे काही अर्थ राहत नाही.

आणायचा कसा

मोठा आरसा नेहमी उभाच न्यायचा. आडवा ठेवला की काच स्वतःच्या वजनाने वाकते आणि रस्त्याच्या एका धक्क्यात जाते. सोनेरी भागाला चिकटपट्टी लावू नका, फुग्यांचे प्लॅस्टिकही थेट लपेटू नका. प्लॅस्टिकचे गोळे सोन्यावर ठसे उमटवतात आणि आत वाफ कोंडते. आधी आम्लविरहित मऊ कागद, मग फोमचे कोपरे, मग बाकीचे. लोंबत्या माळांवर दाब येणार नाही अशी खोकी सुताराकडून आतून टेकू देऊन बनवून घ्या. भारतात येणाऱ्या लाकडी खोक्याचे लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेले आणि तसा शिक्का असलेले हवे. नाहीतर माल बंदरात अडकतो.

ब्रिटनमधून बाहेर नेताना पन्नास वर्षांहून जुन्या आणि ठरावीक किमतीच्या वरच्या वस्तूला निर्यात परवाना लागतो. तो आर्ट्स कौन्सिल इंग्लंड देते. जकात आणि आयातीची कागदपत्रे यांबद्दल कस्टम्स एजंटकडून माल निघण्याआधी लेखी घ्या. भारतात आलेल्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला 1972 चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो आणि खासगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी परतायचा बेत असलेल्यांनी आरसा इथे आणण्याआधीच हा विचार करावा आणि इथे आणला तर आयातीची सगळी कागदपत्रे जपून ठेवावीत.

टांगणे

आधी वजन काढा. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. म्हणजे सुमारे पाच फूट बाय तीन फुटांची, 4 मिलिमीटरची काच एकटीच 14 किलोची. त्यात चौकट आणि फळ्या मिळवा. जुन्या विटांच्या भिंतीत चांगला प्लग आणि स्क्रू पुरतो. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला त्यासाठीचे खास प्लग लागतात, आणि जिप्समच्या पार्टिशनवर असा आरसा टांगूच नये.

दोन हुक, दोन्ही बाजूंच्या भक्कम उभ्या पट्ट्यांना. माथ्यावरच्या नक्षीला किंवा जुन्या गंजक्या कडीला कधीही भार देऊ नका. शक्य असेल तर खालून दोन लहान पितळी कोन लावावेत, म्हणजे अर्धे वजन त्यांच्यावर येते. मागे दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि फळी यांच्यात हवा खेळती राहते. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार महत्त्वाचे.

जागा निवडताना बाहेरची, ओल येणारी भिंत टाळा. एसीचा झोत थेट येतो ती जागाही टाळा. लाकूड, सरस आणि खडू यांना साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती स्थिर हवी. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. मग एसीने दिवसभर ती खाली ओढायची आणि रात्री खिडक्या उघडायच्या, या ओढाताणीत गेसो लाकडापासून सुटतो. पुण्यात, नाशकात तुलनेने बरे. स्वस्त आर्द्रतामापक आरशाजवळ ठेवा आणि आकडे वहीत टिपा. गरज पडली तर त्या खोलीपुरते आर्द्रता कमी करणारे यंत्र सतत चालू ठेवा.

रोजची निगा

सोन्यावर पाणी नाही, साबण नाही, फर्निचरचे पॉलिश नाही, ओले फडके नाही. गेसो पाणी पिऊन शाडूच्या मूर्तीसारखा विरघळतो आणि सोने त्याच्याबरोबर निघून जाते. महिन्या-दोन महिन्यांनी मऊ, लांब केसांच्या ब्रशने वरून खाली हलकेच धूळ उतरवा आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, तोंडाला मलमल बांधून, थोड्या अंतरावर धरा. कुठे पापुद्रा सुटलेला दिसला तर तिथे ब्रशही नको. पडलेला तुकडा मिळाला तर पाकिटात घालून, वर जागा आणि तारीख लिहून ठेवा. घरी कामाला येणाऱ्या मावशींना हा आरसा स्वतः पुसू नका असे समजावून सांगा, किंवा त्यांना ब्रश कसा धरायचा ते दाखवा. आपल्या घरांत बहुतेक सोने दिवाळीच्या साफसफाईत जाते.

काच पुसताना फवारा कधीच काचेवर मारू नका. द्रव कडेने ओघळून चौकटीत आणि थराच्या पाठीमागे शिरतो. कोरडे मायक्रोफायबर पुरते. डाग हट्टी असेल तर फडक्यावर किंचित पाणी, आणि दुसऱ्या हाताने पातळ पुठ्ठा चौकट आणि काच यांच्यामध्ये धरून काम करा. देवघराजवळ आरसा असेल तर उदबत्ती आणि समईचा धूर सोन्यावर चिकट थर बनून बसतो. त्यावर उपाय एकच, आरसा दुसरीकडे.

कसर आणि झुरळे यांना सरस आवडतो. पावसाळ्याआधी आरसा उतरवून पाठ पाहणे, कोपरे टॉर्चने तपासणे हा वर्षाचा नेम ठेवा. फवारणीवाल्याला मात्र चौकटीजवळ येऊ देऊ नका.

पारा आणि दुरुस्ती

जुन्या आरशाच्या खालच्या कडेला कधी पाऱ्याचे बारीक मणी जमतात. असा आरसा भिंतीवर असताना चिंता नको, पण काच चौकटीतून काढण्याचा प्रयत्न घरी करू नका. मणी खाली सांडलेच तर खिडक्या उघडा, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना खोलीबाहेर काढा, हातमोजे घाला आणि दोन कडक कागदांनी मणी एकत्र लोटून झाकणाच्या बाटलीत भरा. झाडू नको, आणि व्हॅक्यूम तर मुळीच नको, कारण त्याने पाऱ्याची वाफ घरभर पसरते. बाटली कचऱ्यात न टाकता धोकादायक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या.

थर उडाला म्हणून काचेवर नवी चांदी चढवून देणारे लोक मिळतात. ते जुना थर पूर्ण घासून काढतात आणि मूळ काच कायमची बदलते. ते करायला जाऊ नका. तुम्हाला लख्ख प्रतिबिंब हवेच असेल तर मूळ काच जपून गुंडाळून, पाठीवर नाव-तारीख लिहून ठेवा आणि तिच्या जागी दुसरी बसवा, म्हणजे पुढच्या मालकाला ती परत लावता येईल. सोन्याचेही तसेच. पूर्ण चौकटीवर नवा वर्ख चढवण्याऐवजी सुटलेला गेसो सरसाने पुन्हा चिकटवून घेणे आणि तुटल्या जागाच भरून रंगाशी जुळवून घेणे, एवढेच मागा.

ब्रिटनमध्ये संवर्धकांची आयकॉन ही संस्था आणि फर्निचर दुरुस्त करणाऱ्यांची बाफ्रा ही संघटना आपापल्या सभासदांच्या याद्या ठेवते. भारतात इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या संवर्धन केंद्रांकडे विचारणा करता येते. काम देण्याआधी त्यांच्याकडून लेखी प्रस्ताव घ्या: कुठला भाग सोडवणार, काय चिकटवणार, कोणता पदार्थ वापरणार आणि तो पुढे काढता येईल का. आधीचे आणि नंतरचे फोटो, वापरलेल्या साहित्याची यादी आणि काढलेला प्रत्येक तुकडा परत मागा. ही सगळी कागदपत्रे एका पाकिटात घालून मागच्या फळीला टाचणीने नव्हे, तर सुती फितीने बांधून ठेवा.